जीव भांड्यात पडत नाही तेव्हा

(पुण्यातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

तोंडचं पाणी पळालं. पोटात गोळा आला. हातपाय गार पडले. अंगावर काटा आला. दातखीळ बसली.

शरीरशास्त्राचा एकही धडा न शिकता आपल्या आज्या हे बोलत आल्या, आणि यातला शब्द न् शब्द खरा आहे. घाबरल्यावर लाळ खरोखरच आटते. आतड्यांकडचं रक्त खरोखरच कमी होतं आणि पोटात काहीतरी आवळल्यासारखं वाटतं. कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हात गार पडतात. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे सगळं प्रयोगशाळेत मोजलं आणि ‘लढा किंवा पळा’ असं त्याचं नाव रूढ केलं. १९१५ साली त्याचं पुस्तक आलं. आपल्याकडे तेव्हाही तोंडचं पाणी पळतच होतं.

पण मला आज या यादीतल्या शेवटच्या वाक्प्रचाराबद्दल बोलायचंय, जो मी मुद्दाम गाळला. जीव भांड्यात पडला. मुलगी रात्री अकराला घरी आली, रिपोर्ट नॉर्मल आला, जीव भांड्यात पडला. म्हणजे काय झालं? धडधड थांबली, खांदे खाली आले, भूक लागली, कधी रडूही आलं. धोका जितका खरा असतो, तितकाच हा टप्पाही शरीराला लागतो. माझ्याकडे जे लोक येतात ना, त्यांतल्या अनेकांची एका ओळीत केस सांगायची तर, यांचा जीव भांड्यात पडलेला नाही. कुणाचा सहा महिने, कुणाचा साठ वर्षं.

आता आतली यंत्रणा थोडक्यात सांगते. परीक्षा नाहीये, त्यामुळे नावं विसरलात तरी चालेल. धोका जाणवला की पहिल्या काही सेकंदांत नसांमधून निरोप जातो आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात. ही पहिली तुकडी. दुसरी तुकडी सावकाश निघते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी रक्तामार्फत पुन्हा अ‍ॅड्रिनलला सांगते, आणि कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढायला लागतं. त्याचा कळस व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. कॉर्टिसॉल रक्तात साखर आणतं आणि लांबच्या लढाईची रसद लावून देतं. मुख्य म्हणजे ते मेंदूकडे परत जाऊन सांगतं की पुरे, आता थांबवा. स्वतःच स्वतःचा नळ बंद करणारं हे संप्रेरक आहे.

आपण पुणेकर आहोत, तर अनंत चतुर्दशी डोळ्यांपुढे आणा. लक्ष्मी रोड बंद, पेठांत जाणारे रस्ते बंद, जेवढे म्हणून पोलीस आहेत तेवढे बंदोबस्ताला. त्या दिवशी तुमची मोटरसायकल चोरीला गेली आणि तुम्ही चौकीत गेलात, तर काय ऐकायला मिळेल? ‘उद्या या.’ बरोबरच आहे ते. शरीरही बंदोबस्ताच्या दिवशी पचन, झीज भरून काढणं, जखमा बुजवणं, पाळी, पुनरुत्पादन, सगळ्यांना ‘उद्या या’ म्हणतं. दुसऱ्या दिवशी मिरवणूक संपते, रस्ते धुतले जातात, चौकी उघडते.

बंदोबस्त वर्षभर चालला तर?

माझ्याकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं बरीच येतात. ओळख पटू नये म्हणून तीन-चार जणांचं मिळून एक चित्र सांगते. वय अठ्ठावीस. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खोलीत पाच जण. सकाळी सातला अभ्यासिका, दुपारी मेस, रात्री पुन्हा अभ्यासिका. पूर्व परीक्षा तीनदा पास, मुख्य दोनदा थोडक्यात हुकलेली. घरी जमीन आहे, पण तिच्यावर कर्ज आहे. वडील फोनवर काही म्हणत नाहीत, फक्त ‘जेवलास का?’ विचारतात, आणि तेच त्याला सर्वांत जड जातं. तो माझ्याकडे आला तो गॅस होतो म्हणून. आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता, दुर्बीण घालून झाली होती, काही सापडलं नव्हतं. रात्री दोनपर्यंत टक्क जागा, पहाटे चारला पुन्हा जाग, वाचलेलं पान डोक्यात राहत नाही. ‘मॅडम, मेंदू खराब झालाय का?’

मेंदू खराब झालेला नव्हता. त्याच्या शरीराला वाटत होतं की वाघ दारात आहे. वाघ येतो आणि जातो, आपली यंत्रणा त्या हिशोबाने घडलेली आहे. निकाल मात्र येतच नाही, किंवा येतो आणि पुढची तारीख देऊन जातो. कॉर्टिसॉलची रोजची एक लय असते, पहाटे जागं होण्याच्या सुमारास सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी. ताण लांबला की ही लय सपाट व्हायला लागते. नळ बंद करण्याचा निरोप मेंदूला ऐकू येईनासा होतो. रक्तदाब, साखर, पोटाभोवतीची चरबी, झोप, प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर थोडं थोडं कर्ज चढत जातं. ब्रूस मॅकइवन आणि एलियट स्टेलर या अमेरिकन संशोधकांनी १९९३ साली त्याला ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ म्हटलं. मी रुग्णांना सांगताना बंदोबस्ताचा खर्च म्हणते.

हा खर्च किती प्रत्यक्ष असतो, याचा माझा आवडता पुरावा छोटासा आहे. १९९५ साली अमेरिकेत जेनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची घरी देखभाल करणाऱ्या १३ स्त्रिया घेतल्या आणि त्याच वयाच्या, तो भार नसलेल्या दुसऱ्या १३. प्रत्येकीच्या हातावर तांदळाच्या दाण्याएवढी, साडेतीन मिलिमीटरची जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. देखभाल करणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. या सभागृहात अशा किती जणी असतील, ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेले सासरे आहेत, आणि ज्यांना आज येताना ‘लवकर ये गं’ असं बजावलेलं आहे? तुमची जखम उशिरा भरते, बायांनो. हे मी अलंकारिक बोलत नाही.

मेंदूत काय होतं हे सांगताना मला परदेशात जावं लागत नाही याचा आनंद आहे. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत सुमंत्र चटर्जी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंदरांवर केलेलं काम जगभर शिकवलं जातं. त्यांनी उंदरांना रोज दोन तास हलता येणार नाही असं बांधून ठेवलं, दहा दिवस. मग चेतापेशींच्या फांद्या पाहिल्या. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींना स्थळ-काळाचा शिक्का मारणारा भाग. तिथल्या फांद्या खुरटल्या होत्या. अमिग्डाला म्हणजे बदामाएवढा, धोका हेरणारा भाग. तिथल्या फांद्या मात्र वाढल्या होत्या! एकाच ताणाने मेंदूचा एक भाग रोडावतो आणि दुसरा माजतो, हे २००२ साली त्यांनी दाखवलं. माझ्या त्या मुलाला पान आठवत नव्हतं आणि दार वाजलं तरी तो दचकत होता, या दोन्ही गोष्टी एकाच घरच्या आहेत.

त्यानंतर त्यांनी उंदरांना तीन आठवडे सोडून दिलं. खाणं, पिणं, आराम. हिप्पोकॅम्पसच्या फांद्या पुन्हा फुटल्या. अमिग्डालाच्या वाढलेल्या फांद्या तशाच राहिल्या, आणि उंदीर भेदरलेलेच राहिले. म्हणून ‘सुट्टी काढून गावी जाऊन ये, बरं वाटेल’ हा सल्ला अर्धाच खरा ठरतो. अभ्यास लक्षात राहायला लागेल कदाचित, दचकणं राहील.

तिसरा प्रयोग मला सर्वांत अस्वस्थ करतो. दहा दिवस नव्हे, एकदाच, फक्त दोन तास बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी अमिग्डालात पाहिलं, काही बदल नाही. दहाव्या दिवशी पाहिलं, तर पेशींवर नवे जोड उगवलेले होते आणि उंदीर घाबरट झाले होते. म्हणजे प्रसंग एक, तोही संपलेला, आणि मेंदूत त्याचं पीक नंतर आलं. अपघातानंतर ‘मी ठीक आहे हो’ म्हणत दुसऱ्या दिवशी कामावर गेलेला माणूस पंधरा दिवसांनी चौकात बाइक थांबवून थरथरत उभा राहतो, तेव्हा घरचे म्हणतात, ‘तेव्हा तर काही नव्हतं, आता नाटकं सुरू झाली.’ उंदीर नाटक करत नाहीत.

इथून मी दुसऱ्या शब्दाकडे येते. धसका.

ट्रॉमाला मराठीत ‘आघात’ म्हणतात, पण आघात म्हणजे जे बाहेरून होतं ते. धसका आपण घेतो. घटना सगळ्यांवर कोसळते, धसका काहींनी घेतलेला असतो. आणि हल्ली मेसमधली भाजी खारट झाली तरी ‘ट्रॉमा’ म्हणायची पद्धत आहे, त्यापेक्षा तरी धसका बरा. तो शब्द कुणी उगाच वापरत नाही.

माझी आत्या १९६१ साली नऊ वर्षांची होती. शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला वाडा. १२ जुलै, बुधवार. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यापुढे नंतर खडकवासल्याचंही टिकलं नाही, आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. आजोबांनी दोन मुलांचे हात धरले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पर्वतीची वाट धरली. आत्याचं दप्तर भरून ठेवलेलं होतं, ते राहिलं. परत आले तेव्हा वाड्याच्या जागी चिखल होता. पुढे गोखलेनगरला पूरग्रस्त वसाहतीत त्यांना जागा मिळाली.

मला आठवते ती माझ्या लहानपणची आत्या. दर जूनमध्ये ती एक पिशवी भरायची आणि कपाटावर ठेवायची. रेशनकार्ड, मेणबत्त्या, काडेपेटी, ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. आम्ही भावंडं हसायचो. एकदा मी, आठ-नऊ वर्षांची असेन, मागून जाऊन ओरडले, ‘पाणी आलं, पाणी आलं!’ ती दचकली नाही, ओरडली नाही, माझ्यावर धावून आली नाही. हातात परात घेऊन तशीच उभी राहिली. डोळे उघडे, ओठ पांढरे. किती वेळ ते सांगता येत नाही. मला वाटलं ती आपली मजा करतेय.

ती थिजली होती. लढणं आणि पळणं या दोन वाटा बंद झाल्या की मेंदूच्या अगदी जुन्या भागातून तिसरी वाट उघडते, शरीर जागच्या जागी गोठतं. मांजराच्या तोंडातला उंदीर असतो तसा. हे कुणी ठरवून करत नाही, आणि ठरवून मोडताही येत नाही. बलात्काराच्या खटल्यांत ‘मग तू ओरडली का नाहीस?’ असं विचारलं जातं, तेव्हा मला हा एवढा एक धडा त्या विचारणाऱ्याच्या गळी उतरवावासा वाटतो.

आज आत्या कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते. मुठेचं पाणी तिथे येणार नाही, हे तिला माहीत आहे. कपाळामागच्या मेंदूला माहीत आहे, असं म्हणू. पण ‘खडकवासल्यातून इतके हजार क्युसेक विसर्ग, भिडे पूल पाण्याखाली’ अशी बातमी लागली की तिचे तळवे ओले होतात. साधी आठवण असती तर तिच्यावर तारीख असती, ‘तेव्हा, तिथे’ असा शिक्का असता. तो शिक्का मारणारा हिप्पोकॅम्पस त्या क्षणी भांबावलेला असतो, आणि अमिग्डाला मात्र चिखलाचा वास, पाण्याचा घोगरा आवाज, आजोबांच्या हाताची पकड, सगळं सुटं सुटं साठवून घेतो. म्हणून ते आठवत नाही, पुन्हा घडतं. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा ताणविकार, असं नाव मिळालं. आत्या तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि घरात तिला ‘भित्री’ हे नाव आधीच मिळालेलं होतं.

दोन खुलासे करते, कारण समाजमाध्यमांवर या विषयाचा फार सोपा फराळ मिळतो. एक, ‘ताण म्हणजे कॉर्टिसॉल वाढलं’ हे समीकरण धसक्याला लागू पडेलच असं नाही. रेचल येहुदा या संशोधक बाईंना पीटीएसडीच्या रुग्णांत कॉर्टिसॉल उलट कमी आढळलं. जणू शरीराने नळ फारच घट्ट बंद केलाय आणि अ‍ॅड्रिनलिनच्या बाजूला मात्र आवर घालणारं कुणी उरलं नाही. सगळ्याच अभ्यासांत हे तसंच दिसत नाही. तेव्हा बाहेर कॉर्टिसॉल तपासणीचं पॅकेज कुणी विकत असेल, तर पैसे वाचवा. दोन, ‘ट्रॉमामुळे हिप्पोकॅम्पस लहान होतो’ असं सांगतात, तेही इतकं सरळ नाही. २००२ साली व्हिएतनाम युद्धातले सैनिक आणि युद्धावर न गेलेले त्यांचे जुळे भाऊ यांची तुलना झाली. पीटीएसडी झालेल्यांच्या घरी बसलेल्या जुळ्या भावांचाही हिप्पोकॅम्पस लहानच निघाला. म्हणजे काही अंशी तो आधीपासूनच तसा असतो, आणि अशा माणसाला धसका बसायची शक्यता जास्त. घराच्या पायाला भेग आधी होती की भूकंपाने पडली, हे दर वेळी सांगता येत नाही.

मग करायचं काय?

आधी काय करू नये ते. दुर्घटना घडली की लगेच दुसऱ्या दिवशी माणसाला बसवून ‘सगळं सांग, मोकळा हो’ असं खोदून काढू नये. पूर्वी हे सर्रास करायचे. तपासून पाहिल्यावर त्याचा फायदा दिसला नाही, काहींना त्रासच झाला. चहा द्या, पांघरूण द्या, घरच्यांशी गाठ घालून द्या, तो बोलला तर ऐका. बहुतेक माणसं काही आठवड्यांत आपली आपण सावरतात. महिना उलटला तरी स्वप्नं, दचकणं, टाळणं चालू असेल, तर मात्र आमच्याकडे या. किंवा १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलतात.

आता जरा मनगटावर दोन बोटं ठेवा, नाडी शोधा. सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. काय जाणवतंय?

(सभागृहात मिनिटभर शांतता.)

घेताना नाडी किंचित पळते, सोडताना मंदावते. तरुणांना स्पष्ट कळेल, आमच्या वयाला हा फरक कमी होत जातो. मेंदूतून निघून हृदय आणि पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची नस हे करते. धडधडीला आपण हुकूम देऊ शकत नाही, पण उच्छ्वासाच्या मागच्या दाराने तिथवर पोचता येतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, ते प्राणायामासारख्या गोष्टी उपकरणं लावून मोजण्यासाठीच. व्हेगसच्या नावावर अलीकडे बरंच काही खपवलं जातंय, त्यातल्या काही सिद्धांतांवर शरीरशास्त्रज्ञांचेच गंभीर आक्षेप आहेत. लांब उच्छ्वास मात्र फुकट आहे आणि चालतो. माझ्या त्या मुलाला मी झोपेची वेळ, रोज तळजाई टेकडीवर चालणं आणि हा उच्छ्वास एवढंच आधी दिलं, गोळी नंतर. वडिलांना फोन करून निकालाबद्दल स्वतःच बोलायचं, हे त्याने त्याचं ठरवलं.

धसक्याला एवढं पुरत नाही. तिथे भीतीच्या जवळ जावं लागतं, हळूहळू, कुणाच्या तरी सोबतीने. ठरावीक पद्धतीने, प्रसंग पुन्हा पुन्हा सांगत, टाळलेल्या जागी जात. त्याने जुनी भीती पुसली जाते असं समजू नका. तिच्या शेजारी नवी शिकवण बसते, ‘पाण्याचा आवाज आला आणि काही झालं नाही’. दोघी शेजारणी मेंदूत राहतात. कधी जुनीचा आवाज चढतो, विशेषतः पावसाळ्यात.

मघाशी पुढच्या रांगेतून चिठ्ठी आलीये, ‘तुमच्या आत्या आता कशा आहेत?’

नातेवाइकांवर आम्ही उपचार करत नाही, म्हणून तिला माझ्या एका सहकारी मैत्रिणीकडे पाठवलं. सत्तरी उलटल्यावर. ‘या वयात कसले उपचार’ म्हणत गेली, आणि जात राहिली. आधी नुसतं बोलणं, मग पुराचे जुने फोटो, मग पाण्याचा आवाज. गेल्या पावसाळ्यात तिचाच फोन आला, ‘विसर्ग सोडलाय म्हणे, चल, बघून येऊ.’ मुठेवरच्या झेड पुलावर गेलो. खाली भिडे पूल बुडालेला, पोरंपोरी सेल्फी काढतायत. तिने कठडा धरला होता. हात माझ्या हातात घेतला तर ओलाचिंब. मी म्हटलं, ‘आत्या, निघू या का?’ म्हणाली, ‘थांब जरा.’ अर्धा-पाऊण तास उभ्या होतो. पाण्याकडे बघत मला एकदम म्हणाली, ‘दप्तरात नवी पाटी होती गं.’ एवढ्या वर्षांत पाटीचं तिने कधी सांगितलं नव्हतं. मग म्हणाली, चहा घेऊ.

पिशवी अजून कपाटावर आहे. काढ असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. दर जूनमध्ये ती बिस्किटांचा पुडा मात्र न चुकता बदलायची. परवा सहज पाहिला, मुदत संपलेली. विचारलं तर म्हणाली, ‘राहू दे गं, कोण खातंय.’